चालू स्थितीत सुपूर्द

ऑपरेटरबाईंना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी इमारतीत त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलाला माहीत होतं. बाकी सगळ्यांना त्या ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली. त्यातली निम्मी बोर्डासमोर, कानाला हेडफोन आणि दोन्ही हातांत कॉल जोडायच्या दोऱ्या घेऊन. बोर्ड भंगारात गेल्यावर उरलेली चौकशीच्या खुर्चीवर.

बोर्डावर बसणाऱ्या बाईच्या कानावरून काय काय जातं, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. कॉल लागला की नाही हे बघायला दोन सेकंद ऐकावंच लागतं, आणि माणसं तेवढ्या दोन सेकंदांत अख्खं घर उघडून ठेवतात. कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा परीक्षेला बसलाच नाही, कोणाच्या सासऱ्यांनी मृत्युपत्र बदललं, सगळं बाईंच्या कानावरून गेलं आणि तिथेच जिरलं. नवरा होता तोवर रोज जेवताना विचारायचा, "आज काय ऐकलंस?" बाई रोज एकच सांगायच्या, "खरखर." तो बिचारा शेवटपर्यंत खरखरीवरच जेवला.

तर या बाईंना एका गोष्टीचा गर्व होता, आणि मी म्हणेन रास्त गर्व होता. त्यांच्या तोंडून कधी कोणाचं काही बाहेर पडलं नव्हतं. ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा माणसांशी त्या हवापाण्यापलीकडे बोलतच नसत.

गुपितांच्या बाबतीत इतक्या कडक असलेल्या बाई घरच्या वायफायच्या बाबतीत मात्र अगदी दानशूर होत्या. लाइन ही सगळ्यांची असते, असं त्यांचं नोकरीत पक्कं झालेलं मत होतं. ज्याला बोलायचंय त्याला जोडून द्यायचं, कोण आहेस म्हणून विचारायचं नाही. त्यांचं घर पहिल्या मजल्यावर आणि बरोबर खाली इमारतीची वाचनखोली. तिथे चार खुर्च्या, एक लांब टेबल आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा. बाईंनी एका पुठ्ठ्यावर आपल्या वळणदार अक्षरात वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहून तो वाचनखोलीत खिळ्याला टांगला होता. पासवर्ड होता एक ते आठ, ओळीने. अवघड ठेवून म्हाताऱ्यांना कशाला त्रास द्यायचा, हा त्यामागचा विचार.

दोन महिन्यांपूर्वी बाईंनी मोठ्या पडद्याचा फोन घेतला, तेव्हा त्यांचा जुना टॅबलेटही वाचनखोलीला दिला. वर्तमानपत्रं त्यावर मोठ्या अक्षरांत वाचता येतील म्हणून. वाचनखोलीचा कारभार दुसऱ्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांकडे होता. तेही निवृत्तच. त्यांनी रजिस्टर काढलं, बाईंनी त्यात लिहिलं, "टॅबलेट एक, चार्जर एक, चालू स्थितीत सुपूर्द," दोघांनी सह्या केल्या आणि चहा घेतला. दोन सरकारी माणसं एकत्र आली की साधी उशीसुद्धा सहीशिवाय इकडची तिकडे होत नाही.

आता बाईंच्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण बाईंचा सगळा जीव तिथे होता. ही बहीण त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. बाई तिला अजून धाकटीच म्हणत. धाकटी व्हायोलिन शिकवायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या घरातल्या पुढच्या खोलीत पंधरा-सोळा मुलं शिकायला येत. बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलत, निदान अर्धा तास, आणि निम्मा वेळ हसत. सहा महिन्यांपूर्वी धाकटी फोनवर "काय?" "काय म्हणालीस?" असं वारंवार विचारायला लागली. मग तिने फोनच टाळला आणि एक दिवस मेसेज आला. उजव्या कानाने फारसं ऐकू येत नाही. कानातलं एक बारीकसं हाड घट्ट झालंय, ऑपरेशन करावं लागेल. "घरात यांना माहीत आहे आणि तुला. बाकी कोणालाही कळता कामा नये. व्हायोलिन शिकवणारी बहिरी होतेय असं कळलं तर माझ्याकडे मुलं कोण पाठवेल?"

बाईंनी कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून रोजचा अर्धा तास मेसेजांवर आला. औषध घेतलंस का, चक्कर येते का, तार जुळवताना अडतं का. धाकटी सगळं लिहायची. बोलताना जे ती हसण्यावारी न्यायची, तेही लिहायची.

आणि एका मंगळवारी मेसेज आला, "ताई, तू कोणाला सांगितलंस?"

झालं होतं असं, की शिकवणी संपल्यावर एका मुलीची आई दारात थांबली आणि अगदी आपुलकीने म्हणाली, "मॅडम, कानाचं कळलं हो. ऑपरेशन कधी आहे?" धाकटी तिथल्या तिथे गार पडली. नवऱ्याला विचारलं, तर त्याने आपल्या आईलासुद्धा ताकास तूर लागू दिली नव्हती. मग उरलं कोण?

बाईंनी घाईघाईने लिहिलं, "कोणालाही नाही. शपथेवर सांगते." धाकटीने वाचलं, दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं, "मग कळलं कसं?" त्यानंतर बाईंनी पाठवलेल्या प्रत्येक मेसेजवर निळ्या खुणा उमटत राहिल्या आणि त्यांच्या पुढे काहीच येईना.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस वर्षांत जे झालं नाही ते आता, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या बाबतीत! त्यांनी स्वतःची उलटतपासणी सुरू केली. डॉक्टरांकडे प्रतीक्षेत बसलो तेव्हा कोणाशी बोललो का? आपण एकट्याने मोठ्यांदा बोलतो का? शेजारणीला बोलावून विचारावं असंही त्यांच्या मनात आलं, पण काय विचारणार? "मी भिंतीशी काही बोलते का हो?" त्यांना जेवण जाईना. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी बाईंना पहिल्यांदा स्वतःच्या तोंडावर संशय आला, आणि मला विचाराल तर हे दुःख बहिणीच्या अबोल्याहून थोडंच कमी होतं.

आठव्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात एक लेख वाचला. घरचं वायफाय उघडं ठेवलं तर कोणीही आत शिरू शकतं, चोरी करू शकतं, वगैरे. बाई ताडकन उठल्या. राऊटरचा स्विच बंद केला, खाली जाऊन खिळ्याचा पुठ्ठा काढला, फाडला, आणि वर येऊन दाराला आतून कडी लावली.

इमारतीत हाहाकार उडाला. आपण किती जणांना पोसत होतो हे बाईंना त्या दोन दिवसांत कळलं. तिसऱ्या मजल्यावरचे हिशेबनीस दार वाजवून म्हणाले की त्यांचं ऑफिसचं काम अडलंय. स्वतःची लाइन त्यांनी वर्षापूर्वीच बंद केली होती, हे त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितलं. एक सूनबाई आल्या, त्यांचा फ्रिज म्हणे फोनशी बोलेनासा झाला होता. रस्त्यापलीकडचा चाव्या करणारासुद्धा वर आला आणि "तब्येत बरी आहे ना?" म्हणून चौकशी करून गेला. त्याला इतक्या वर्षांत बाईंच्या तब्येतीची काळजी पहिल्यांदाच वाटली होती.

दहाव्या दिवशी बाईंनी लाइनमनला बोलावलं. हा त्यांच्याच एक्स्चेंजमधला जुना माणूस. आयुष्यभर खांबांवर चढून गुडघे गेले म्हणून आता खांब सोडून घरोघरी इंटरनेटची कामं करायचा. चष्मा कपाळावर, दातांत पेचकस. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, फक्त गुपित काय होतं ते सोडून.

"सुरू करा राऊटर," तो म्हणाला. "आजारी माणसाला झोपवून ठेवलं तर तपासणार कसं?"

राऊटर सुरू झाला. त्याने बाईंच्या लॅपटॉपवर राऊटरचं पान उघडलं. आत जायचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, डब्याच्या बुडाखाली छापलेला. त्याने मान हलवली. मग यादी आली. बाईंच्या लाइनीवर त्या घटकेला कोण कोण आहे त्याची. एकोणीस नावं.

"पण मी तर पुठ्ठा फाडला!" बाई म्हणाल्या.

"पुठ्ठा फाडून काय होतंय, बाई? फोनांना पासवर्ड पाठ आहे. लाइट लागल्याबरोबर सगळे परत हजर." त्याने यादीवरून बोट फिरवलं. "हा फ्रिज. हा टीव्ही, तुमचा नाही. आणि हा बघा, चाव्या करणारा. माणूस दिवसभर लोकांच्या किल्ल्या घासतो आणि तुमच्या घरात बिनकिल्लीचा शिरतो."

"म्हणजे यांच्यातल्याच कोणीतरी माझे मेसेज वाचले."

लाइनमनने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "नाही. हे दार उघडं ठेवलंत ते चूकच, ते आज आपण लावू. पण तुमचं बोलणं इथून नाही गेलं. तुमचा मेसेज तुमच्या फोनमधून कुलूप लावूनच निघतो आणि समोरच्याच्या फोनमध्ये जाऊन उघडतो. मधली वायर कोणाची, हवा कोणाची, त्याला काही अर्थ नाही. मधल्याने डोकावलं तरी त्याला नुसती अक्षरांची कचकच दिसणार."

"मग ऐकलं कोणी?"

"मधे नाही ऐकलं, बाई. टोकाला ऐकलं. एक टोक तुम्ही, एक टोक बहीण. तिसरं कुठे आहे का ते बघू. फोन द्या."

बाईंनी फोन दिला. त्याने मेसेजच्या अॅपमध्ये कुठेतरी आत जाऊन एक पान उघडलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला. वर लिहिलं होतं, जोडलेली उपकरणं. खाली एकच नाव होतं, बाईंचा जुना टॅबलेट. त्याच्यापुढे लिहिलं होतं, सुरू आहे.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना सगळं एकदम समजलं.

टॅबलेट देताना त्यातल्या मेसेजच्या अॅपमधून बाहेर पडायला हवं होतं, हे कोणाही माणसाला सुचलं असतं. बाईंना नाही सुचलं, आणि त्याचं कारण त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. बोर्डावर पाळी बदलताना लावलेल्या दोऱ्यांना हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम. माणसं बोलत असतात. जाणारीने फक्त आपला हेडफोन काढायचा, येणारीने आपला लावायचा, बोर्ड तसाच जिवंत राहतो. चालू दोरी उपटली म्हणून एका मुलीला सुपरवायझरने सगळ्यांदेखत रडवलेलं बाईंनी पाहिलं होतं. म्हणूनच त्यांनी टॅबलेटही तसाच दिला. स्वच्छ पुसून, पूर्ण चार्ज करून, सगळ्या दोऱ्या लावलेल्या. दोन महिने धाकटीचा एकेक शब्द वाचनखोलीतल्या लांब टेबलावर उमटत होता.

बाई जिना उतरल्या ते चपला न घालताच.

वाचनखोलीत पोस्टमास्तर एकटेच होते. टॅबलेट टेबलावर पालथा पडलेला होता. बाईंनी तो उचलला आणि विचारलं, "मास्तर, यावर माझे मेसेज येत होते?"

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "येत होते," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगणार कसं, बाई? सांगायचं म्हणजे वाचलं असं झालं असतं. चाळीस वर्षं माझ्या हातून उघडी पोस्टकार्डं गेली. नजर तर पडतेच. पण ज्याचं पत्र त्याला कधी म्हणायचं नाही, की मला ठाऊक आहे. वरती मेसेजची पट्टी आली की मी हे यंत्र पालथं घालत होतो. दिवसातून पंधरा-पंधरा वेळा. मी असलो की पालथं असायचं. पण मी दुपारी जेवायला जातो ना!"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तो तिथेच थांबला. आपणही हेच केलं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन तोंडं शिवलेली माणसं एका टेबलाशी बसली, आणि दोघांच्या मौनातून सगळ्या गावाला बातमी गेली. त्यांना हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

"जेवायच्या वेळी कोण असतं इथे?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी याही बाबतीत नियम पाळला. त्यांनी नुसतं चौथ्या मजल्याच्या दिशेने वर पाहिलं.

चौथ्या मजल्यावर चष्मेवाल्या वहिनी राहत. मनाने वाईट बाई नव्हे. पण दुसऱ्याची काळजी करायची त्यांना इतकी आवड, की काळजी करण्यासारखं काही कळलं की ती चार जणांत वाटल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. बाईंना दारात टॅबलेट घेऊन उभ्या राहिलेल्या बघून त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. त्या राशिभविष्य वाचत होत्या, वर पट्टी आली, ती बाजूला सारायला बोट लावलं आणि सगळं उघडलं. मग वाचलं गेलं. वहिनींच्या भाचीची मुलगी धाकटीकडेच व्हायोलिन शिकायला जाते, तिला सांगायला नको का, म्हणून भाचीला सांगितलं.

"चांगल्यासाठीच हो सांगितलं," वहिनी म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. "मला काय माहीत तुमच्या बहिणीने लपवलंय म्हणून. आता तुम्ही असं करा, सांगून टाका की कोणीतरी हॅक केलं. हल्ली सगळ्यांचंच होतं. पेपरात तर रोज येतं. तुम्हाला कोणी बोल लावणार नाही."

बाई टॅबलेट काखेत घेऊन वळल्या. पण खाली येताना प्रत्येक पायरीवर त्यांच्या मनात तेच घोळत होतं. किती सोपं होतं ते! कोण तो न दिसणारा चोर, त्याच्यावर सगळं ढकलायचं. धाकटी विश्वास ठेवेल. तिला यातलं काही कळत नाही. बाईंची एकतीस वर्षं शाबूत राहतील आणि बहीणही परत मिळेल. हा मोह साधासुधा नव्हता, आणि बाई दोन जिने उतरेपर्यंत त्याला जवळजवळ वश झाल्या होत्या.

घरी लाइनमन वाट पाहत होता. त्याने टॅबलेटमधून बाईंना बाहेर काढलं, तो पार कोरा करून दिला आणि मग राऊटरशी बसला. डब्याच्या बुडाखालचा पासवर्ड बदलला. एक बटण दाबून कोणालाही आत घेणारी सोय होती ती बंद केली. राऊटरच्या आतली दोन वर्षं जुनी झालेली प्रणाली ताजी केली. वायफायचा नवा पासवर्ड बाईंनी स्वतः टाकला. चार असे शब्द जे एकमेकांशेजारी कोणी ठेवले नसते. टाकताना लाइनमन न सांगता खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. वाचनखोलीसाठी त्याने पाहुण्यांची वेगळी लाइन काढून दिली, घरापासून तोडलेली.

"आता दान करा हवं तेवढं," तो म्हणाला. "ती लाइन फक्त वाचनखोलीची. माजघरात कोणी येणार नाही."

"बहिणीला काय सांगू?" बाईंनी विचारलं.

लाइनमनने पेचकस खिशात घातला. "आपल्याकडे फॉल्ट सापडला की रजिस्टरात काय लिहायचो आपण? जिथे होता तिथेच ना?"

अकराव्या दिवशी दुपारी बाई बस पकडून धाकटीच्या घरी गेल्या. पुढच्या खोलीत शिकवणी चालू होती. एक मुलगी जीव तोडून व्हायोलिन घासत होती आणि धाकटी तिच्या उजवीकडे बसली होती, म्हणजे मुलगी धाकटीच्या चांगल्या कानाला. धाकटीने ताईकडे पाहिलं, मानेनेच बस म्हणून सांगितलं आणि पुढची वीस मिनिटं एकदाही तिकडे बघितलं नाही. त्या वीस मिनिटांत बाईंनी मनात जुळवलेलं सगळं भाषण विसरून झालं.

मुलगी गेली. बाई उठून धाकटीच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या आणि त्यांनी जसं झालं तसं सांगितलं. टॅबलेट, रजिस्टर, सही, दोऱ्या, पालथं घालणारे मास्तर, राशिभविष्य. मधे कुठेही चोर आणला नाही. "कोणी हॅक केलं नाही, काही नाही. माझा मूर्खपणा. मीच तुझं सगळं टेबलावर मांडून आले."

धाकटीने विचारलं, "म्हणजे तू कोणाशी बोलली नाहीस?"

"नाही. पण गेलं माझ्यामुळेच."

"ते कळलं गं. पण तू तोंडाने कोणाला सांगितलं नाहीस?"

"एक अक्षर नाही."

धाकटीने तोंडावर दोन्ही हात घेतले. बाईंना वाटलं ती रडतेय. रडत होतीच, पण बोटांच्या फटीतून हसतही होती. "अगं ताई, वेंधळी आहेस तू! चालू स्थितीत सुपूर्द! सही करून!" तिने डोळे पुसले. "अकरा दिवस मला काय वाटत होतं माहितीये? कान जातोय तर जाऊ दे. पण तू माझं दुसऱ्याकडे जाऊन बोललीस, कीव करत बोललीस, हे मला गिळताच येत नव्हतं. वेंधळेपणा काय, तो तर तू लहानपणापासून करतेस."

बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका जोरात पडला की त्यांना उठून पाणी प्यावं लागलं.

मुलांचं म्हणाल तर एकाने शिकवणी सोडली होती, कारण न सांगता. बाकी सगळी येत होती. वहिनींच्या त्या भाचीने तर दुसऱ्याच दिवसापासून मुलीला बजावून पाठवलं होतं, की मॅडमच्या डाव्या बाजूला उभं राहून वाजव. धाकटीला आधी त्याचा राग आला होता. आता ती म्हणाली, "खरं सांगू, बरं पडतं. रोज मुलांना इकडून तिकडे सरकवायला नवी सबब शोधून मी थकले होते."

मग बाईंनी, आदल्या दिवशीच शिकलेल्या माणसाच्या उत्साहाने, बहिणीच्या घराचा ताबा घेतला. जोडलेली उपकरणं तपासली, एकही नव्हतं. दोघींच्याही फोनच्या कुलपाच्या पडद्यावर मेसेजची अक्षरं दिसायची, ती बंद केली; आता नुसतं "नवा संदेश" एवढंच दिसणार होतं. वायफायचा पासवर्ड विचारला. धाकटीने जरा अवघडून सांगितला. तो निघाला "व्हायोलिन".

"आणि बाहेर दारावर पाटी कसली आहे?" बाई कडाडल्या.

"व्हायोलिनची," धाकटी म्हणाली.

तोही बदलला. शेवटी मेसेजच्या अॅपला सहा आकडी पिन लावायचा होता, म्हणजे कोणी तिच्या नंबरवरून दुसऱ्या फोनवर अॅप उघडायला गेलं तर अडेल. "कोणता ठेवू?" धाकटीने विचारलं.

"मला सांगू नकोस."

"तुलासुद्धा नाही?"

"मला तर मुळीच नाही!"

निघताना धाकटी दारापर्यंत आली. चप्पल घालणाऱ्या बाईंना म्हणाली, "तुला काही पाठवायचंय. रोज लिहायची सवय लागली होती ना. तुझ्यावर रागावले तरी लिहीत होते, फोनमधल्या वहीत. पाठवत नव्हते एवढंच. घरी जाऊन वाच."

बसमध्ये बाईंना खिडकीची जागा मिळाली. दोन थांबे गेले आणि पर्समधला फोन थरथरला. मग पुन्हा, मग पुन्हा, पुन्हा. शेजारच्या बाईने त्यांच्या पर्सकडे बघितलं. बाईंनी फोन काढून पाहिलं, तर पडद्यावर एकाखाली एक नुसतं "नवा संदेश, नवा संदेश" लागलेलं. आपणच केलेल्या बंदोबस्ताने आपलीच पंचाईत झाली, हे त्यांच्या लक्षात आलं. पण भर बसमध्ये त्यांनी ते उघडले नाहीत. फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि वर हात ठेवून बसल्या.

घरी येऊन त्यांनी दार लावलं, दिवा लावला आणि पलंगाच्या कडेला बसून वाचायला घेतलं. अकरा दिवसांचे अकरा मेसेज. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यातही. तिसऱ्यात एका मुलाने तार तोडली त्याची हकीकत होती आणि शेवटी "तुला कशाला सांगतेय मी?" असं होतं. पाचवा एकाच ओळीचा होता, "आज तू फोन केलास तो मी वाजू दिला, थरथर हातात धरून बसले." बाई हळूहळू वाचत गेल्या, चष्मा दोनदा पुसावा लागला.

अकरावा सकाळचा होता, बाई जाण्याच्या आधीचा. पण त्याच्या खाली धाकटीने आत्ता, बाई बसमध्ये असताना, आणखी एक लिहिला होता.

"ताई, डॉक्टर म्हणाले शंभरात एखाद्याचा कान ऑपरेशननंतर उलट पूर्णच जातो. हे मी यांनाही सांगितलेलं नाही, ते लगेच नको म्हणतील. मला करायचंय. पण मला फार भीती वाटते. तू कोणाला सांगू नकोस."

बाईंनी तो दोनदा वाचला. इतकी वाईट गोष्ट वाचून जीव इतका हलका झाला, याची त्यांना थोडी लाजही वाटली. मग त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी, चुका होऊ न देता, सावकाश उत्तर लिहिलं.

"नाही सांगत. उद्या येते."